क्रॉसबो नवा घ्यावा की वापरलेला?

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात धनुष्यबाणाने हरणांची शिकार करण्याचा हंगाम सप्टेंबरच्या अखेरीस उघडतो आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला संपतो. हंगाम संपला की धनुष्यबाणांच्या दुकानांत मांडणी बदलते. वर्षभर दर्शनी भागात असलेले नवे क्रॉसबो सवलतीच्या पाटीखाली येतात आणि शेजारच्या रॅकवर गिऱ्हाइकांनी बदलीत दिलेले, वापरलेले क्रॉसबो लागतात. एकाच कंपनीचे, दिसायला जवळपास सारखे दोन क्रॉसबो. एक हजार डॉलरला, दुसरा त्याच्या निम्म्या किमतीला. पहिल्यांदाच शिकारीला जाणारा माणूस त्या दोन रॅकच्या मध्ये उभा राहतो तेव्हा त्याला वाटते, प्रश्न पाचशे डॉलरचा आहे. प्रत्यक्षात प्रश्न त्याहून बराच मोठा असतो.

क्रॉसबो म्हणजे बंदुकीसारख्या दस्त्यावर आडवे बसवलेले धनुष्य. दोरी मागे ओढून चापाच्या खटक्यात अडकवायची, पुढच्या पन्हळीत बाण ठेवायचा, दस्ता खांद्याला लावून नेम धरायचा आणि चाप दाबायचा. साध्या धनुष्यात ताण माणसाला हाताने धरून ठेवावा लागतो. इथे तो यंत्र धरून ठेवते. म्हणूनच खांदा दुखावलेला, साठी उलटलेला किंवा तालमीला फारसा वेळ नसलेला माणूसही क्रॉसबो घेऊन जंगलात जाऊ शकतो. पण ताण यंत्राने धरायचा म्हटल्यावर त्या यंत्राची प्रकृती कशी आहे, हे आधी कळायला हवे. जुन्या मालाच्या बाबतीत नेमके तेच सहज कळत नाही.

वापरलेल्या क्रॉसबोंचा एवढा बाजार उभा कसा राहिला, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते. अमेरिकेत शिकारीचे नियम राज्यागणिक ठरतात आणि बराच काळ बहुतेक राज्यांनी क्रॉसबोला धनुष्याच्या हंगामातून बाहेरच ठेवले होते. आर्कान्साने १९७३ मध्ये आणि ओहायोने १९७६ मध्ये दार उघडले, पण बाकीच्या बहुतेकांनी तीन दशके वाट पाहिली. मग २००९ मध्ये पेनसिल्व्हेनिया, मिशिगन आणि न्यू जर्सी या तीन मोठ्या शिकारी राज्यांनी निर्बंध सैल केले. २०१४ मध्ये न्यूयॉर्क आणि विस्कॉन्सिन आले. प्रत्येक राज्य खुले झाले की नव्या गिऱ्हाइकांची लाट उसळे आणि कारखाने तिच्या मागे धावत. त्या लाटांमध्ये घेतलेले क्रॉसबो आता दहा-पंधरा वर्षांचे झाले आहेत. कुणाचे मालक थकले, कुणी नवे मॉडेल घेतले, कुणी दोन हंगामांतच छंद सोडला. आज रॅकवर जे लटकते आहे ते मुख्यतः या पिढीचे आहे, आणि ही पिढी फार सरमिसळ आहे. तिच्यात उत्तम जपलेले नग आहेत आणि गॅरेजच्या उन्हात आठ वर्षे पडलेलेही आहेत.

नव्याच्या बाजूने पहिला युक्तिवाद होतो तो वेगाचा. तो नीट तपासून पाहिला पाहिजे, कारण त्याच्यावरच सर्वांत जास्त पैसा उडतो.

दहा-पंधरा वर्षांपूर्वी मध्यम प्रतीचा क्रॉसबो सेकंदाला ३०० ते ३५० फूट वेगाने बाण सोडी. २०१६-१७ च्या सुमारास विस्कॉन्सिनच्या सुपीरियर गावातल्या रॅविन कंपनीने असे क्रॉसबो आणले की दोरी ताणल्यावर त्यांची रुंदी जेमतेम ६ इंच राही आणि बाण ४३० फुटांच्या वेगाने जाई. त्यानंतर चढाओढ लागली. ओहायोतल्या मोगाडोर गावच्या टेनपॉइंट कंपनीच्या एका मॉडेलच्या नावातच ५०५ हा आकडा आहे, आणि तो त्याचा वेग आहे. रॅविनच्या आर-५०० मॉडेलचेही तसेच. या वरच्या थरातल्या नगांची किंमत तीन हजार डॉलरपर्यंत आणि त्याच्याही पुढे जाते, तर सुरुवातीच्या थरातला नवा संच तीनशे ते पाचशे डॉलरला मिळतो.

आता हिशेब मांडून पाहू. झाडावरच्या मचाणावरून क्रॉसबोने होणारी शिकार साधारण २० ते ४० यार्डांत, म्हणजे १८ ते ३७ मीटरमध्ये होते. हवेचा अडथळा सोडून दिला तर २० यार्ड कापायला ३३० फुटांच्या वेगाचा बाण ०.१८ सेकंद घेतो आणि ४३० फुटांचा ०.१४ सेकंद. फरक ०.०४ सेकंदाचा. दोरीचा आवाज मात्र दोन्ही वेळा बाणाच्या आधीच, सुमारे ०.०५ सेकंदात हरणाच्या कानी पोचलेला असतो. दचकलेले हरीण उडी घेण्याआधी अंग खाली दाबते आणि बाण पाठीवरून निघून जातो, हा धोका बाणाच्या वेगामुळे कमी होतो. पण बाण कितीही वेगवान असला तरी आवाजाच्या मागेच राहतो. ४० यार्डांवर दोन बाणांतला हा फरक ०.०८ सेकंदापर्यंत वाढतो आणि तिथे तो जाणवतो. त्यावरचा खरा उपाय एकच आहे. सावध झालेल्या हरणावर लांबून बाण सोडू नये.

ताकदीचे गणितही तसेच. ४०० ग्रेनचा, म्हणजे सुमारे २६ ग्रॅमचा बाण ३३० फुटांच्या वेगाने निघाला तर त्यात सुमारे ९७ फूट-पौंड ऊर्जा असते. ईस्टन ही बाण बनवणारी जुनी अमेरिकन कंपनी. तिच्या तक्त्यात हरणासाठी २५ ते ४१ फूट-पौंड पुरेसे मानले आहेत आणि एल्क किंवा काळ्या अस्वलासाठी ४२ ते ६५. म्हणजे दहा वर्षांपूर्वीचा मध्यम क्रॉसबोही हरणासाठी दुपटीहून जास्त ताकद घेऊन उभा आहे. वेगवान बाणाचा एक फायदा खरा आहे: अंतराचा अंदाज चार-पाच यार्डांनी चुकला तर तो सांभाळून घेतो. पण तेच काम शे-दीडशे डॉलरचा, अंतर मोजणारा रेंजफाइंडर अधिक भरवशाने करतो. तेव्हा निव्वळ वेगासाठी नवा क्रॉसबो घेण्यात अर्थ नाही. या मुद्द्यावर वापरलेल्याची बाजू भक्कम आहे आणि दुकानदारांनी ती गिऱ्हाइकाला प्रामाणिकपणे सांगायला हवी.

पुढचे मुद्दे मात्र इतके सोपे नाहीत.

सेकंडहँड गाडी घेताना निदान किलोमीटरचा आकडा समोर असतो. क्रॉसबोवर तसले काहीच नसते. त्यातून पन्नास बाण सुटले की पाच हजार, हे त्याच्याकडे बघून सांगता येत नाही. त्याहून वाईट म्हणजे, ज्या एका घटनेने क्रॉसबो कायमचा दुबळा होऊ शकतो ती घटना बऱ्याचदा काहीही खूण न ठेवता घडून गेलेली असते. पन्हळीत बाण नसताना चाप दाबला गेला, म्हणजे रिकामा बार झाला, तर धनुष्याच्या दोन्ही पात्यांत, म्हणजे लवणाऱ्या बाहूंत, साठलेली सगळी ऊर्जा बाणाबरोबर बाहेर न जाता दोरी, केबल, टोकांची चाके आणि पाती यांच्यावरच उलटते. हरीण मारायला पुरेल त्याच्या दुप्पट ऊर्जा, एका क्षणात, ज्यांनी ती झेलायची नाही अशा भागांवर. कधी पाते तिथल्या तिथे फुटते, दोरी तुटते. कधी वरवर काहीच होत नाही. काचतंतूंच्या थरांमध्ये केसाएवढी चीर पडते, चाकाचा आस किंचित वाकतो आणि क्रॉसबो आणखी वीस-पंचवीस बाण नीट सोडतो. त्यानंतर कधीतरी, माणसाचा गाल दस्त्याला टेकलेला असताना, तो फुटतो.

रिकामा बार मुद्दाम कुणी करत नाही. उत्सुक मित्राला क्रॉसबो दाखवताना होतो. किमान वजनापेक्षा हलका बाण वापरला तर त्याच जातीचा मार अर्धामुर्धा बसतो. बाणाचा मागचा खाचेचा तुकडा, म्हणजे नॉक, चुकीचा असला तर दोरी बाणाला ढकलण्याऐवजी त्याच्या वरून घसरते आणि परिणाम तोच होतो. रॅविनसारख्या आघाडीच्या कंपनीलाही पांढऱ्या रंगाचे आपले नॉक बाजारातून परत मागवावे लागले, कारण ते दोरीवर पूर्ण न बसण्याचा आणि त्यातून इजा होण्याचा धोका होता. जुन्या क्रॉसबोबरोबर भात्यातले जुने बाणही फुकट मिळतात, तेव्हा हे लक्षात ठेवायलाच हवे. अशा परत मागवलेल्या वस्तूंची यादी अमेरिकेचे कन्झ्युमर प्रॉडक्ट सेफ्टी कमिशन सर्वांसाठी खुली ठेवते. मॉडेलचे नाव घालून ती पाहायला दोन मिनिटे लागतात.

मग वापरलेला क्रॉसबो तपासायचा कसा? अनुभवी मेकॅनिक चाप दाबून बघत नाही. तो आधी कापसाचा बोळा मागतो.

दोरी सैल असताना तो कापूस पात्यांच्या कडांवरून, पुढून मागून, टोकांपासून बुडापर्यंत हलक्या हाताने फिरवतो. गुळगुळीत कडेवरून कापूस सरकत जातो. जिथे एकही तंतू उचकटलेला असेल तिथे तो अडकतो आणि पांढरा धागा मागे लटकत राहतो. बोटाला जे जाणवत नाही आणि डोळ्याला जे रंगाखाली दिसत नाही, ते कापूस दाखवतो. मग तो दिव्याच्या तिरप्या उजेडात पात्यांचे बूड पाहतो, जिथे ती मधल्या धातूच्या चौकटीत स्क्रूने आवळलेली असतात. तिथे आडवी बारीक रेघ दिसली तर तपासणी तिथेच थांबते. उभी रेघ कधी नुसता रंगाचा ओरखडा असतो. तरीही तो नखाने खरवडून खात्री करतो. नंतर चाके हाताने हलवून आसात खेळ आहे का, चाक एका बाजूला कलले आहे का, दोन्ही चाकांवरच्या खुणा दोरीशी सारख्याच कोनात आहेत का, हे बघतो. दोन्ही बाजूंची मापे फूटपट्टीने घेतो. पन्हळीवर दोरी घासून खोलगट चर पडला आहे का, ते बोट फिरवून पाहतो. सगळे ठीक वाटले की सर्वांत शेवटी दोरी ताणून, योग्य वजनाचा बाण लावून, जाड टार्गेटवर तीन बाण मारतो. हे सगळे अर्ध्या तासाचे काम आहे. जो विक्रेता एवढा अर्धा तास द्यायला आणि शेवटचे तीन बाण मारू द्यायला तयार नसतो, त्याच्याकडचा माल कितीही स्वस्त असला तरी सोडून द्यावा.

दोरीचा विषय वेगळा मांडला पाहिजे, कारण सौदा बहुधा तिथे फिरतो. दोरी आणि केबल या झिजणाऱ्या वस्तू आहेत. जिथे दोरी पन्हळीवरून घासत जाते तिथली धाग्याची गुंडाळी सगळ्यांत आधी सैल होते, मग तिच्यात फटी पडतात. नियमित वापर असेल तर दोन-तीन वर्षांत दोरी बदलावी, असे सर्वसाधारण धोरण आहे. उन्हात तापलेल्या गाडीच्या डिकीत ठेवलेल्या क्रॉसबोची दोरी त्याच्या आधीच ताणून लांबते. म्हणजे वापरलेल्या क्रॉसबोची खरी किंमत मांडताना दोरी, केबल आणि बसवणावळ धरूनच चालावे. चाकांच्या क्रॉसबोला, ज्याला कंपाउंड म्हणतात, दोरी बदलायला बो-प्रेस हे यंत्र लागते आणि ते दुकानातच असते. पाचशेचा क्रॉसबो त्यामुळे बघता बघता साडेसहाशे-सातशेवर जातो, आणि त्या किमतीला हमीपत्रासकट नवा नग मिळत असेल तर सौद्याला काही अर्थ उरत नाही.

या नियमाला एक चांगला अपवाद आहे. कॅनडात ऑन्टारिओ प्रांतातल्या किचनर शहरातली एक्सकॅलिबर कंपनी रिकर्व्ह पद्धतीच्या क्रॉसबोंसाठी ओळखली जाते. रिकर्व्हला चाके नाहीत, केबल नाहीत. दोन वळणदार पाती आणि एक दोरी एवढाच कारभार. दोरी बदलायला प्रेस लागत नाही, एका जादा दोरीच्या मदतीने ती जंगलातही बदलता येते. बिघडायला भागच कमी, आणि जे आहेत ते उघड्यावर दिसतात. हा क्रॉसबो जास्त रुंद असतो, ताणायला जड असतो, आवाजही मोठा करतो. तरीसुद्धा अनोळखी माणसाकडून वापरलेला क्रॉसबो घ्यायचाच असेल तर रिकर्व्ह घ्यावा, हे मत अनेक जुने शिकारी देतात आणि ते तर्काला धरून आहे.

आता सुरक्षिततेच्या पिढ्यांबद्दल. क्रॉसबोच्या अपघातांत सर्वांत जास्त ओळखीची इजा डाव्या हाताच्या अंगठ्याची असते. पुढची मूठ धरताना अंगठा पन्हळीच्या वर आला आणि चाप दाबला गेला, तर सेकंदाला तीन-चारशे फूट वेगाने येणारी दोरी त्याच्यावरून जाते. हाड मोडते, काही वेळा अंगठ्याचा शेंडा जातो. कारखान्यांनी हळूहळू उपाय काढले. मुठीच्या वर दोन्ही बाजूंना पंखासारख्या आडोशाच्या पट्ट्या आल्या, अंगठा अडकवून ठेवणाऱ्या खाचा आल्या, बाण नसेल तर चाप सुटूच न देणारा खटका आला, दोरी ताणली की आपोआप लागणारी सुरक्षा-कळ आली. ज्या जुन्या क्रॉसबोमध्ये रिकामा बार अडवणारा खटका नाही, तो किती का स्वस्त मिळेना, आज घेऊ नये. नवशिक्याने तर नाहीच. या एका बाबतीत पैशाचा हिशेब मधे आणणे चुकीचे आहे.

नव्या पिढीची आणखी एक सोय मोलाची आहे. दिवसभर मचाणावर बसून हरीण आले नाही, तर ताणलेली दोरी परत सैल करायची कशी? जुन्या बहुतेक क्रॉसबोंत एकच मार्ग होता: जमिनीत किंवा टार्गेटमध्ये एक बाण मारून टाकायचा. अंधारात, थकलेल्या अवस्थेत, गाडीजवळ हे काम करताना चुका होत. रॅविन आणि टेनपॉइंट यांच्या नव्या मॉडेलांत हँडल फिरवून दोरी पुढेही सोडता येते. ज्याच्या मनगटात पूर्वीसारखा जोर नाही, त्याने फक्त एवढ्यासाठी नवा घेतला तरी तो पैसा सत्कारणी लागला असे म्हणावे.

हमीपत्राचे काय? बऱ्याच कंपन्या दीर्घ मुदतीची, काही तर आजन्म हमी देतात, पण ती सहसा पहिल्या खरेदीदारापुरती आणि नोंदणी केलेल्या नगापुरती असते. दुसऱ्या हातात गेला की कागद रद्द. शिवाय कंपनीही टिकायला हवी. हॉर्टन हे ओहायोतले एके काळचे मोठे नाव. २०१३ मध्ये ती कंपनी बंद पडली आणि तिची मालमत्ता शेजारच्या टेनपॉइंटने घेतली. हॉर्टनचे चांगले जपलेले क्रॉसबो अजूनही बाजारात दिसतात, पण पाते मोडले तर त्याच मापाचे पाते शोधत फिरावे लागते. वापरलेला नग बघताना त्याचा अनुक्रमांक कंपनीला कळवून तो कोणत्या वर्षीचा आहे आणि त्याचे भाग अजून मिळतात का, हे विचारून घ्यावे.

कायद्याचा कंगोरा लोक हमखास विसरतात. कॅनडात ५०० मिलिमीटरपेक्षा लांबी जास्त नसलेले किंवा एका हाताने चालवता येणारे क्रॉसबो बाळगण्यावरच बंदी आहे. ऑन्टारिओत हरणासाठी किमान ४५ किलो आणि मूससाठी ५४ किलो ओढ, म्हणजे दोरी ताणायला लागणारे बळ, असावे लागते. न्यूयॉर्कने २०१४ मध्ये परवानगी दिली ती १०० ते २०० पौंड ओढीच्या मर्यादेत, आणि रुंदीचीही किमान अट घालून. दुसऱ्या राज्यात राहणाऱ्या मेहुण्याकडून हौसेने घेतलेला क्रॉसबो आपल्या राज्यात चालेलच, असे धरता येत नाही. ब्रिटनमध्ये तर १९८१ च्या वन्यजीव कायद्याने क्रॉसबोने वन्य प्राणी मारणेच गुन्हा ठरवले आहे. आणि भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे. त्या कायद्याच्या शस्त्रांच्या व्याख्येत बंदुकीबरोबर धनुष्यबाणाचेही नाव आहे. परदेशातून सुट्टीला येताना असली वस्तू आणून गावाकडे रानडुकरांवर वापरू, असा विचारही कुणी मनात आणू नये.

मराठी वाचकांपैकी या प्रश्नाशी थेट संबंध येतो तो मुख्यतः अमेरिकेतल्यांचा. न्यू जर्सीत एडिसन-प्रिन्स्टनच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना परसातली हरणे रोजची आहेत. भाजीचे वाफे खाऊन टाकणारी, संध्याकाळी रस्त्यावर अचानक गाडीपुढे येणारी. प्रिन्स्टनसारख्या गावाने त्यांची संख्या आटोक्यात ठेवण्यासाठी नेमबाजांची मदत घेतली आहे. मोठे शिकारी प्राणी उरले नाहीत, वस्ती वाढली, झुडपे वाढली आणि हरणे बेसुमार झाली. जंगलाची कोवळी रोपे ती वर येऊच देत नाहीत. ऑफिसातल्या सहकाऱ्यांबरोबर शिकारीला जाऊ लागलेल्या तिथल्या तरुण पिढीने आधी राज्याचा धनुर्शिकार प्रशिक्षणाचा वर्ग करावा, मग दुकानाची पायरी चढावी. परवान्यासाठी तो लागतोच, आणि वर्गात शिकवणारी जुनी माणसे कुठला नग घ्यावा हे दुकानदारापेक्षा मोकळेपणाने सांगतात.

नव्याच्या बाजूने एक मुद्दा असा आहे की तो खरेदीदाराच्या बिलावर दिसत नाही, पण त्याचे वजन मोठे आहे. १९०४ पर्यंत ओहायोतून हरणे नाहीशी झाली होती. बेबंद शिकार आणि जंगलतोड यांनी ती संपवली होती. आज ती राज्याच्या सर्व ८८ काउंट्यांत आहेत आणि अलीकडच्या हंगामांत तिथे दोन लाखांहून अधिक हरणांची कायदेशीर शिकार होते. हे पुनरुज्जीवन आपोआप झाले नाही. १९३७ मध्ये सिनेटर पिटमन आणि प्रतिनिधी रॉबर्टसन यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा आला. त्याने बंदुका आणि काडतुसांवरचा कर वन्यजीवांच्या कामासाठी राखून ठेवला. १९७२ मधल्या कायद्याने धनुर्विद्येची साधनेही त्यात आली. ३० पौंड किंवा त्याहून जास्त ओढीच्या धनुष्यावर कारखानदार ११ टक्के कर भरतो, आणि तो पैसा अधिवास, गणना, प्रशिक्षण आणि नेमबाजीची मैदाने यांच्यासाठी राज्यांना वाटला जातो. नवा क्रॉसबो विकला गेला की हा वाटा जातो. वापरलेला विकला गेला तर नव्याने काहीच जात नाही, कारण तो एकदा भरून झालेला असतो. म्हणून वापरलेला घेणे गैर ठरत नाही, परवान्याचा पैसा तर दोघांनाही भरावाच लागतो. पण पाचशे डॉलरच्या फरकात नेमके काय काय आहे, याचा हिशेब मांडताना ही रक्कम विसरू नये.

आता निवाडा. ज्याच्याजवळ जेमतेम चारशे-पाचशे डॉलर आहेत, त्याला मोह होतो तो एके काळी बाराशेला विकल्या गेलेल्या, आता पाचशेला मिळणाऱ्या नामांकित क्रॉसबोचा. तो नग जर ओळखीच्या माणसाचा असेल, त्याने तो कसा वापरला हे ठाऊक असेल आणि दुकानातल्या मेकॅनिकने तो कापसापासून टार्गेटपर्यंत तपासला असेल, तर जरूर घ्यावा. त्या किमतीच्या नव्या स्वस्त नगापेक्षा त्याचा चाप हलका, स्कोप स्वच्छ आणि घडण जास्त टिकाऊ असेल. इतिहास माहीत नसेल तर मात्र साधा, नवा, सुरुवातीच्या थरातला संच बरा. हरणासाठी त्याची ताकद पुरते हे वर पाहिलेच. ऑनलाइन फोटो बघून, न हाताळता, दूरच्या अनोळखी माणसाकडून कंपाउंड क्रॉसबो मागवणे हा यातला सर्वांत वाईट पर्याय आहे आणि दुर्दैवाने तोच सर्वांत सोपा झाला आहे.

दोन्हींच्या मधली एक वाट आहे आणि बहुतेकांना तीच मानवेल. कंपन्या दरवर्षी नवे मॉडेल काढतात, त्यामुळे गेल्या वर्षीचा, खोक्यातून न निघालेला माल फेब्रुवारी-मार्चमध्ये चांगल्या सवलतीत मिळतो. वेगात दहा-वीस फुटांचा आणि रंगसंगतीचा फरक. हमीपत्र पूर्ण, इतिहास कोरा. काही दुकाने बदलीत आलेले क्रॉसबो स्वतः तपासून, नवी दोरी घालून, काही महिन्यांच्या स्वतःच्या जबाबदारीवर विकतात. तो सौदाही डोळसपणे करण्यासारखा आहे, फक्त तपासणीत काय काय केले हे लेखी मागावे.

खरेदी कोणतीही असो, ती सप्टेंबरवर ढकलू नये. हंगामाच्या तोंडावर सगळ्यांना एकदमच आपल्या जुन्या दोरीची आठवण होते, दुकानातला बो-प्रेस सकाळपासून रात्रीपर्यंत रिकामा नसतो आणि मेकॅनिकला कापूस फिरवायला अर्धा तास मिळत नाही. मार्चमध्ये घेतलेल्या क्रॉसबोला नवी दोरी बसवून, ती ताणून स्थिरावेपर्यंत उन्हाळाभर टार्गेटवर बाण मारता येतात. २० यार्डांवर स्कोप जुळवून मग ३० आणि ४० वर बाण किती खाली येतो ते टिपता येते, आणि मधे कुठे पात्यात कुरकुर ऐकू आली तर दुकानात परत नेऊन दाखवायला हातात पाच-सहा महिने असतात.